निवृत्त गस्ती नौका तरती कशी ठेवावी

सिडनीच्या डार्लिंग हार्बरमध्ये सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला ‘एचएमएएस अ‍ॅडव्हान्स’ बांधलेली असते. १९६८ ते १९८८ अशी वीस वर्षं तिने ऑस्ट्रेलियन नौदलात गस्त घातली. १९७४ च्या ट्रेसी चक्रीवादळात डार्विनला तिच्याच वर्गातली ‘अ‍ॅरो’ बुडाली, ही मात्र वाचली. लांबी जेमतेम ३३ मीटर, हल (नौकेचा मुख्य सांगाडा, बाहेरच्या पत्र्यासकट) पोलादी आणि वरचं बांधकाम अ‍ॅल्युमिनियमचं. अशा नौकेची देखभाल याच दोन धातूंच्या सांध्यापासून सुरू करावी.

खारं पाणी सांध्यात शिरलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी पडते आणि वरचा रंग फुगतो. फुगवट्यावर नुसता रंग मारू नका, आतली झीज चालूच राहते. रंग खरवडा, सांधा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, बोल्टखालचे वॉशर आणि मधली विद्युतरोधक पट्टी बदला, सीलंट भरा आणि मगच प्रायमर लावा.

पाण्याखाली हलला जोडलेले जस्ताचे ठोकळे, म्हणजे अ‍ॅनोड, हलऐवजी स्वतः झिजतात. निम्मे संपले की बदला. त्यांच्यावर रंग अजिबात लागू देऊ नका, नाहीतर ते कामच करत नाहीत. अ‍ॅनोड फारच लवकर संपत असतील तर किनाऱ्यावरून घेतलेली वीज तपासा. अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी विद्युत परिपथ जुळतो आणि झीज तुमच्या हलला भोगावी लागते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला की हा परिपथ तुटतो. या खर्चात काटकसर नको.

गोदीत घेतल्यावर अल्ट्रासॉनिक गेजने पत्र्याची जाडी मोजा. पाण्याच्या रेषेजवळ, टाक्यांखाली आणि बिल्जमध्ये (नौकेच्या तळाशी पाणी साचतं त्या पोकळीत) मापं जवळजवळ घ्या, कारण साचलेलं पाणी पत्रा आतून खातं. मूळ जाडीच्या पाव भागाएवढी झीज दिसली तर तो तुकडा कापून नवा पत्रा बसवा.

डिझेल इंजिन धक्क्यालाच तासभर रिकामं फिरवणं हानिकारक आहे. भार नसल्याने इंधन पुरतं जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काजळी आणि तेल साचतं. जमेल तेव्हा नौका बाहेर काढून भारावर चालवा. मधल्या आठवड्यांत वंगण देऊन शाफ्ट (इंजिनाचा दांडा) हाताने फिरवा आणि दर वेळी वेगळ्या कोनात थांबवा.

नौका किनाऱ्यावर चढवली, जशी कारवारला भारतीय नौदलाची निवृत्त क्षेपणास्त्र नौका ‘चपळ’ आहे, तर अ‍ॅनोड आणि गोदीचा खर्च वाचतो, पण पावसाचं पाणी तुंबतं. म्हणून डेकवरच्या निचऱ्याच्या वाटा दर पावसाळ्याआधी मोकळ्या करा आणि हलच्या तळाशी पाणी काढायची भोकं ठेवा.