ऑस्ट्रेलियातली रानफुलं ओळखताना या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्थच्या आसपास रानफुलांचा मोसम भरात येतो आणि ‘हे कुठलं ऑर्किड?’ असं विचारणारे फोटो येऊ लागतात. फूल अगदी समोरून, ठसठशीत टिपलेलं असतं, तरी नाव सांगता येत नाही. कारण फोटोत पान नसतं, देठ नसतो, फुलाची मागची बाजू नसते. नैऋत्य ऑस्ट्रेलियात 7,000 हून जास्त जातींच्या वनस्पती आहेत. तिथे नुसत्या रंगावर ओळख पटत नाही. फुलाइतकंच जमिनीकडे बघायला हवं.

पान न बघणं

कॅलडेनिया, म्हणजे स्पायडर ऑर्किड वगैरे मंडळी, यांना बुंध्याशी एकच पान असतं आणि ते बहुतेकदा केसाळ असतं. बऱ्याच ग्रीनहूड ऑर्किडना जमिनीलगत पानांचं चक्र असतं. डाँकी ऑर्किडची पानं गवतासारखी, त्यामुळे ती गवतातच हरवतात. हॅमर ऑर्किडचं पान म्हणजे वाळूला चिकटलेला बदामी आकाराचा छोटासा तुकडा. फूल दिसण्याआधी तेच दिसलं तर दिसतं. रेड बीक ऑर्किडची मांसल पानं वर्षानुवर्षं नुसतीच जमिनीवर पसरलेली असतात, कारण हे ऑर्किड मुख्यतः वणवा लागून गेल्यावरच फुलतं. म्हणून फूल नाही, तर बघण्यासारखं काही नाही, असं समजून पुढे जाऊ नका.

स्पायडर ऑर्किडमध्ये एकाच जातीचं फूल कधी फिकट, कधी लालसर असतं. तेव्हा तीन गोष्टी जवळून बघा: ओठासारख्या पाकळीच्या कडेची झालर, त्या पाकळीवरच्या बारीक गाठींच्या ओळी आणि लांब लोंबणाऱ्या निदलांची टोकं. टोक शेवटपर्यंत निमुळतं आहे की जाडसर फुगलेलं, यावर पुष्कळदा निकाल लागतो.

सन ऑर्किडला लिली समजणं

ही चूक अगदी स्वाभाविक आहे. बाकीच्या ऑर्किडमध्ये ओठाची पाकळी वेगळी उठून दिसते. थेलिमित्रामध्ये, म्हणजे सन ऑर्किडमध्ये, सहाही दलं जवळजवळ सारखी. निळं सन ऑर्किड आणि आयरिस कुळातलं निळं ऑर्थ्रोसँथस लांबून एकसारखंच वाटतं. गुडघे टेकून फुलाच्या मध्यभागी बघा. ऑर्थ्रोसँथसमध्ये तीन सुटे पुंकेसर दिसतील आणि खाली पट्ट्यांसारख्या पानांचा जुडगा. सन ऑर्किडमध्ये पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून एकच आखूड स्तंभ आणि खाली एकच पान.

तो स्तंभ म्हणजे या फुलाचं ओळखपत्र! कुणाच्या स्तंभावर टोपी असते, कुणाच्या दोन्ही बाजूंना ब्रशसारखे केसांचे झुपके असतात, कुणाचे झुपके पांढरे, कुणाचे पिवळे. स्तंभाचा स्पष्ट फोटो नसेल तर जात सांगणं हा अंदाजच. आणि हो, ढगाळ, गार दिवशी सन ऑर्किडच्या शोधात निघू नका. ऊन तापल्याशिवाय ही फुलं उघडत नाहीत आणि मिटलेल्या कळ्यांवरून काहीच कळत नाही.

डाँकी ऑर्किडची फसवणूक निराळी. त्यातल्या काही जाती वाटाण्याच्या कुळातल्या पिवळ्या-तपकिरी झुडपी फुलांची नक्कल करतात. स्वतःकडे मध नसताना मधमाशी ओढायची, हा हेतू. मधमाशी फसते, तिथे आपणही फसतो.

दिसेल ते रानफूल देशीच मानणं

पर्थच्या रस्त्याकडेला फुललेली फ्रीझिया, वॉटसोनिया, पांढरी अॅरम लिली आणि पिवळ्या केप वीडचे गालिचे सगळे दक्षिण आफ्रिकेतून आलेले. तिथूनच आलेलं एक ऑर्किडसुद्धा इथे तण झालं आहे: डिसा ब्रॅक्टिआटा. स्वपरागणामुळे त्याचं बी भरपूर धरतं. दाट, तपकिरी-हिरवट तुरा आणि फुलांना झाकणारी टोकदार छदं (फुलाखालची छोटी पानं) ही त्याची खूण. पण खात्री नसताना तण म्हणून उपटायला जाऊ नका, कारण देशी लीक ऑर्किडही बळी पडू शकतं.

वॉटल, म्हणजे तिथल्या बाभळी, यांच्या बाबतीत उलटं होतं. पान बघतात, पण बहुतेक जातींमध्ये ते पान नसून चपटा झालेला देठ असतो. कोकणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचंही तेच. पाचगणीचा सिल्व्हर ओक ग्रेव्हिलियाच. त्याची फुलं आठवली तर तिथली ग्रेव्हिलिया लवकर कळते.

अॅप सांगेल ते नाव लिहून टाकणं

आयनॅचरलिस्ट या फोटोवरून जात सुचवणाऱ्या अॅपने दिलेलं नाव फ्लोराबेस या पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींच्या संकेतस्थळावर तपासा: ती जात त्या भागात, त्या महिन्यात फुलते का? शंका असेल तर नोंद ‘कॅलडेनिया’ या वंशाच्या नावावरच थांबवा. पिवळं काउस्लिप आणि पिंक फेअरी या दोन ऑर्किडांचा संकरही होतो, तेव्हा दोन्हीसारखं दिसणारं फूल ओढूनताणून एकात बसवू नका. जुनं पुस्तक हाताशी असेल तर त्यातला ड्रायँड्रा हा वंश 2007 पासून बँक्सिया या वंशात गेला, हे ध्यानात ठेवा.

नावासाठी फूल मात्र खुडू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय देशी फुलं तोडणं गुन्हा आहे. समोरून, बाजूने, मागून, पान आणि शेजारी बोट ठेवून पूर्ण झाड, इतके फोटो पुरतात. जात दुर्मीळ निघाली तर नोंदीतलं ठिकाण झाकून ठेवा. फूल बघायला आलेल्या पावलांखालीच शेजारची न उमललेली रोपं चिरडली जातात.