वडोदऱ्यातली कमाटीबाग ते विश्वामित्री नदी: पृष्ठवंशीय (कणा असलेल्या) प्राण्याचा वर्ग कसा ओळखायचा

प्राणी कुठे राहतो, हे आधी विसरा. पाण्यात दिसला की मासा, उडाला की पक्षी, या हिशेबाने देवमासा आणि वटवाघूळ दोन्ही चुकीच्या वर्गात जातात.

पहिला प्रश्न कण्याचा. पावसाळ्यात न्हाणीघरात निघणारा वाळा आणि कुंडीतलं गांडूळ सारखंच वळवळतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. वाळ्याच्या अंगावर गुळगुळीत, चकचकीत खवले असतात, डोळ्यांच्या जागी काळे ठिपके दिसतात, जीभ मधूनच आतबाहेर होते. हा कणा असलेला सापच, आणि बिनविषारी. गांडुळाला नुसती वलयं. मात्र ओळख पक्की नसेल तर साप हातात घेऊ नये.

दुसरा प्रश्न कातडीचा, आणि निम्मं काम इथेच उरकतं. पिसं असली तर पक्षी. आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला पिसं नाहीत. चोचीवर जाऊ नका, कासवालाही चोच असते. केस आणि दूध असेल तर सस्तन. कोरडे खवले आणि नख्या दिसल्या तर बहुधा सरीसृप: रात्री खिडकीच्या काचेवर पाल बसली की आतल्या बाजूने तिचं पोट आणि बोटं निवांत बघता येतात. ओलसर, बिनखवल्यांची कातडी आणि बोटांना नख्या नाहीत, तर बेडकासारखा उभयचर.

माशांत गफलत होते ती मागूरमुळे. त्याला खवले नसतात, तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून मुलं त्याला उभयचरांत टाकतात. कल्ल्याचं झाकण उचला, पर पाहा: मासाच. लॅम्प्रीसारखे बिनजबड्याचे, गोल तोंडाचे चक्रमुखी प्राणी इथे दिसणार नाहीत. ते पुस्तकातच पाहावेत.

तरी शंका उरली तर हाडं बघा. कमाटीबागेतल्या संग्रहालयात (स्थापना 1894) निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवात दंडाचं हाड, पुढच्या हाताची दोन हाडं आणि बोटांची हाडं शोधा. माशाच्या परात असा हात नसतो. मानेचे मणके सात, आपल्याइतकेच आणि जिराफाइतकेच. (झाडावरचा स्लॉथ आणि पाण्यातला मॅनेटी हे दोन सस्तन अपवाद.) वटवाघळाचा पंखही हातच: चार लांब बोटांवर ताणलेली कातडी, अंगठा मोकळा.

हृदयाचे कप्पे पाठ करताना माशाचे दोन, उभयचराचे तीन, पक्षी आणि सस्तनांचे चार, इथवर सरळ आहे. सरीसृपांचे तीन लिहिलं की मगर आडवी येते. तिचे चार. वंशावळीनेही ती पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे, त्यामुळे ‘सरीसृप’ हा जुना वर्ग आता सोयीपुरताच राहिला आहे. परीक्षेत मात्र तोच लिहावा लागतो!

विश्वामित्रीतल्या मगरी हिवाळ्यात ऊन चढल्यावर काठावर येतात. पुलावरूनच दुर्बिणीने पाहा, आठ पटींची पुरते. काठावर उतरू नका. पुरात मगर सोसायटीत शिरली तर वर्ग ठरवत बसू नका, दार लावून वनखात्याला फोन करा.