जुन्या गाडीचे ब्रेक आणि शॉकअप बदलताय? या चुका टाळा

ठाण्याजवळचा गायमुखचा घाट उतरताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं आणि काळजात चर्र झालं. शेजारी आई बसली होती, पुढे कंटेनर. गाडी थांबली, पण त्याच आठवड्यात मी आमच्या २००९ सालच्या हॅचबॅकचं सगळं काम काढलं. पुढच्या डिस्क, पॅड, दोन्ही बाजूंचे पुढचे शॉकअप, सगळं नवीन. तीन आठवड्यांत डाव्या चाकातून टक-टक यायला लागली, आणि पेडल तर पहिल्या दिवसापासून स्पंजासारखं दबत होतं. पुढे एका जुन्या फोरमनकाकांनी गाडी पुन्हा उघडली तेव्हा नव्या मालात काहीच खोट निघाली नाही. आजूबाजूला जे जुनं तसंच ठेवलं होतं आणि जे घाईत बसवलं होतं, तिथेच सगळा घोळ होता. तुमचं काम दुसऱ्यांदा उघडावं लागू नये म्हणून हे लिहितोय.

पेडल खाली जातंय? आधी कारण ओळखा

भाग मागवायच्या आधी उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून पेडल दाबून बघा. एकदा दाबल्यावर खोल जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं, तर बहुतेक वेळा मागच्या ड्रममधले ब्रेक शू झिजलेत किंवा त्यांचं ॲडजस्टमेंट सुटलंय. हँडब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा बराच वर येत असेल तर शंका आणखी पक्की. दाबताना मऊ, लिबलिबीत लागतं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा जुने रबरी होज, म्हणजे ऑइलच्या नळ्या, दाबाने फुगताहेत. आणि पाय तसाच दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग) आतून गळतोय किंवा बाहेर कुठेतरी गळती आहे. अशी गाडी रस्त्यावर काढू नका, टो करूनच न्या. नवी डिस्क आणि भारी पॅड यातला एकही दोष दुरुस्त करत नाहीत. मागचे ड्रम विसरून फक्त पुढे खर्च करणं ही मला सर्वांत जास्त दिसलेली चूक.

ब्रेक ऑइल जुनंच ठेवणं

आमच्या गाडीतून निघालेलं ऑइल कोऱ्या चहासारखं होतं, पाच वर्षांचं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडच्या खाडीकाठच्या दमट हवेत ओलाव्याला काय तोटा! डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत. ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पण पाणी शोषल्यावर तोच निकष १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतो, ऑइलमधलं पाणी उकळतं, वाफ होते. वाफ दबते, म्हणून पेडल जातं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच वापरा, दर दोन वर्षांनी बदला आणि डॉट ५ चं सिलिकॉन ऑइल त्यात कधीही मिसळू नका.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत हाणू नये. मास्टर सिलिंडरचा तो शेवटचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजलेला असतो. तिथे सील घासून फाटतं. काकांनी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता.

आमच्या स्पंजाचं खरं कारण मात्र वेगळंच निघालं. कॅलिपर धुवायला काढले होते, ते परत लावताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला होता. "दादा, हा निप्पल बघा कुठे आहे," काका म्हणाले. हवा काढायचा निप्पल खाली आला होता. हवा वर जाऊन बसते. मग खालून कितीही ऑइल सोडा, ती निघणार कशी? बाजू बदलल्या आणि पाच मिनिटांत पेडल टणक झालं.

कॅलिपरच्या पिना

नवे पॅड टाकले आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुक्या ठेवल्या, तर एक पॅड झिजून पत्र्यावर येतो आणि दुसरा तसाच राहतो. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

शॉकअप नवे, माउंटिंग जुनं

टक-टक तिथूनच होती. शॉकअप काढला की वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबर) आणि धूळ अडवणारा बूट त्याच वेळी बदला. मजुरी तीच लागते. ओळखायचं असं: गाडी उभी असताना कुणालातरी स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि बॉनेट उघडून माउंटिंगच्या कडेवर हात ठेवा. फिरताना हाताला हिसका जाणवला तर बेअरिंग गेलंय. खड्ड्यात आवाज येतो पण इथे काही नाही, तर लिंक रॉड (अँटी-रोल बार शॉकअपला जोडणारी छोटी दांडी) तपासा. तो स्वस्त असतो आणि बहुतेक वेळा तोच निघतो.

वरचा नट सोडताना शॉकअपचा दांडा फिरतो म्हणून पकडीने धरणारे पाहिलेत. त्या चकचकीत दांड्यावर एक ओरखडा आला की तो सील कापतो आणि काही दिवसांत नवा शॉकअप तेल गाळायला लागतो. शॉकअप नेहमी जोडीनेच बदला. स्प्रिंग दाबायला चांगला कंप्रेसरच हवा, दोरी-साखळीचे खेळ जिवावर बेतू शकतात.

लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पडलेलं, मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग व्हील अलाइनमेंट, त्याच दिवशी.

जास्त कडक शॉकअपच्या मोहात पडू नका. पावसाळ्यानंतरच्या घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर कडक गाडीचं चाक उडत राहतं, आणि उडालेलं चाक ब्रेक लावू शकत नाही. मोठ्या मॉडेलची डिस्क बसवायची असेल तर ती रिममध्ये मावते का, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो का हे आधी जाणकाराला विचारा. आरसीतल्या मूळ माहितीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. खाजगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणी होतेच.

पहिल्या दिवशीच जोरात ब्रेक

नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसा. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून रविवारी पहाटे रिकामा रस्ता गाठा. मागे गाडी नाही हे आरशात बघून ताशी ६० वरून २० किलोमीटरपर्यंत सावकाश ब्रेक लावा, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. नंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि स्टेअरिंग थरथरतं. लोक त्याला "डिस्क वाकली" म्हणतात.

घरी आलात की प्रत्येक रिमजवळ हात नुसता धरून बघा, टेकवू नका. चारांपैकी एकाचीच धग जास्त असेल, तर तो ब्रेक सुटत नाहीये. सकाळीच गॅरेजला न्या. चाकांचे नट १०० किलोमीटरनंतर पुन्हा पान्याने तपासा. आमच्या मागच्या डाव्या चाकाचे दोन सैल निघाले होते.