जुन्या बेसबॉल बॅटचं वय शिक्क्यावरून काढताय? या चुका टाळा

नॉबवर (मुठीच्या टोकाच्या गोळ्यावर) ३४ हा आकडा, बॅरलवर (बॅटच्या जाड भागावर) बेब रूथ या नामवंत खेळाडूची सही, आणि विकणारा ठामपणे सांगतोय, "१९३४ची आहे, रूथ खेळत होता तेव्हाची." सिनसिनाटीजवळच्या एका फ्ली मार्केटमध्ये मी हे ऐकलं, विश्वास ठेवला आणि पैसे मोजले. घरी येऊन बॅट टेबललॅम्पखाली तिरपी धरली, तेव्हा शिक्क्यात वर्तुळातला एक बारीक 'आर' दिसला. नोंदणीकृत ट्रेडमार्कचं हे चिन्ह अमेरिकेत १९४६च्या ट्रेडमार्क कायद्याने आलं. रूथने खेळणं थांबवलं १९३५ मध्ये. आणि ३४ म्हणजे इंच. बॅटची लांबी.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या हाती इस्टेट सेलमध्ये किंवा शेजाऱ्यांच्या गराजमध्ये अशा बॅटी बऱ्याचदा येतात. क्रिकेटच्या सवयीने आपण वाचायला जातो आणि तिथेच फसतो. क्रिकेटच्या बॅटवर स्टिकर असतो, तो दर एक-दोन मोसमांनी बदलतो. बेसबॉलच्या जुन्या बॅटवरचा शिक्का मात्र तापलेल्या साच्याने लाकडात जाळून उमटवलेला असतो, आणि एकच साचा वर्षानुवर्षं चालायचा. त्यामुळे शिक्क्यातून सहसा जन्मसाल मिळत नाही. "ही बॅट अमुक सालाच्या आधीची असू शकत नाही" एवढं मात्र पक्कं कळतं. शिक्क्यातली सगळ्यात अलीकडची खूण शोधायची आणि तिच्यावरून अंदाज बांधायचा, एवढं एक सूत्र सांभाळलं तरी पुढच्या बहुतेक चुका टळतात.

सहीवरून काळ ठरवणं

सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत जातात. १९०५ मध्ये होनस वॅग्नर या खेळाडूने लुईव्हिल शहरातल्या हिलरिक या बॅट बनवणाऱ्या कंपनीशी करार केला आणि त्याची सही बॅटवर जाळून उमटवली जाऊ लागली. तेव्हापासून खेळाडूचं नाव हे विक्रीचं साधन झालं. दुकानातून शाळकरी पोरांसाठी घेतलेल्या बॅटींवरही मोठमोठ्या खेळाडूंच्या सह्या असत, आणि तो खेळाडू निवृत्त झाला म्हणून साचा कोणी मोडीत काढत नसे. रूथ १९४८ मध्ये वारला, पण त्याच्या नावाच्या बॅटी त्यानंतरही विकल्या गेल्या.

टेड विल्यम्सचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. तो शेवटचा सामना खेळला १९६० मध्ये. सिअर्स या दुकानाशी त्याचं नाव जोडलं गेलं ते त्यानंतर. त्याआधी सिअर्सचा खेळाचा माल 'जे. सी. हिगिन्स' या नावाने यायचा. म्हणजे बॅटवर सिअर्स आणि टेड विल्यम्स ही दोन्ही नावं एकत्र दिसली, तर ती त्याच्या खेळण्याच्या दिवसांतली नाहीच. लोक मात्र नेमकी तीच बॅट "टेड खेळायचा तेव्हाची" म्हणून विकत घेतात.

नाव सहीऐवजी छापील अक्षरांत असेल, तर बॅट नकली आहे असंही समजू नका. कंपनीशी सहीचा करार न केलेल्या खेळाडूंची नावं अशीच उमटवत.

आकड्यात साल शोधणं

हिलरिक कंपनीच्या 'लुईव्हिल स्लगर' या नावाच्या बॅटींवर 'आर४३', 'के५५', 'पी७२' असे क्रमांक दिसतात आणि मन लगेच १९४३, १९५५, १९७२ कडे धावतं. यातलं एकही साल नाही. पहिलं अक्षर ज्या खेळाडूसाठी तो आकार पहिल्यांदा कातला त्याच्या आडनावाचं, आणि पुढचा आकडा त्या अक्षराखालच्या आकारांचा अनुक्रमांक. आर४३ रूथचा, के५५ चक क्लाइनचा. पी७२ हा लेस पिंकम या मायनर लीगमधल्या (म्हणजे खालच्या स्तरावरच्या) खेळाडूसाठी १९५०च्या दशकात घडवलेला आकार. पुढे डेरेक जीटर आयुष्यभर त्याच आकाराने खेळला आणि २०१४ मध्ये त्याच्या सन्मानार्थ कंपनीने तो क्रमांकच निवृत्त केला. म्हणजे 'पी७२' वाचून १९७२ म्हणणारा माणूस दोन्ही बाजूंना वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी चुकू शकतो.

'१२५' या आकड्याचंही तसंच. ना साल, ना वजन. तो मालाच्या वरच्या प्रतीचा क्रमांक आहे आणि अनेक दशकं शिक्क्यात होता. शिक्क्यातला 'पॉवराइज्ड' हा शब्द १९३०च्या दशकात आला आणि १९७०चं दशक सरत येईपर्यंत टिकला. ज्या खुणेचा पसारा चाळीस-पन्नास वर्षांचा आहे, तिच्यावरून दशक ठरवता येत नाही.

नॉबवर नुसते ३३, ३४, ३५ असे दोन अंक असतील तर ते इंच समजा आणि बॅट बहुधा दुकानात विकलेली आहे हेही समजा. एका प्रकारच्या बॅटीवर मात्र साल खरोखर लिहिलेलं असतं: वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, खेळणाऱ्या संघांसाठी १९३४ पासून बनवलेल्या काळ्या बॅटी. त्यांवरच्या सोनेरी सह्या हाताने केलेल्या नसतात, छापलेल्या असतात, एवढं ध्यानात असू द्या.

कंपनीचं नाव अर्धवट वाचणं

"लुईव्हिल स्लगर आहे ना, मग १८८४ची असेल." हे मी निदान तीन वेळा ऐकलंय. १८८४ हे साल पीट ब्राउनिंग या खेळाडूसाठी हिलरिक घराण्यातल्या तरुण बडने बॅट कातल्याच्या गोष्टीतलं आहे. सुरुवातीच्या बॅटींचं नाव 'फॉल्स सिटी स्लगर' होतं. लुईव्हिल स्लगर हे नाव १८९४ मध्ये नोंदवलं गेलं.

त्याहून जास्त उपयोग मधल्या शिक्क्यातल्या कंपनीच्या नावाचा. १८९७ पासून 'जे. एफ. हिलरिक अँड सन'. फ्रँक ब्रॅड्सबी १९११ मध्ये कंपनीत आला आणि १९१६ मध्ये नाव 'हिलरिक अँड ब्रॅड्सबी' झालं. त्यामुळे ब्रॅड्सबीचं नाव असलेली आणि "टाय कॉबने १९०९ मध्ये वापरलेली" बॅट कोणी दाखवली, तर पुढे काही तपासायचीही गरज नाही.

ॲडिरॉन्डॅक बॅटी न्यूयॉर्क राज्यातल्या डॉल्जव्हिलच्या. १९७५ मध्ये रॉलिंग्ज या खेळसाहित्याच्या कंपनीने ती घेतली, म्हणून दोन्ही नावं एकत्र असली की बॅट त्यानंतरची. उलटा घोळ रीच आणि राइट अँड डिट्सन या नावांचा. त्या कंपन्या एकोणिसाव्या शतकातच स्पाल्डिंग या दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेल्या, पण नावं पुढे बरीच वर्षं बाजारात राहिली. तिथे "कंपनी विकली गेली त्याआधीची बॅट" हा तर्क लागू पडत नाही.

बारीक अक्षरं सोडून देणं

मला स्वतःला सगळ्यात भरवशाच्या वाटतात त्या या कायदेशीर ओळी, कारण त्यांचा मजकूर कंपनीच्या मर्जीवर नव्हता. वर्तुळातला 'आर' दिसला की १९४६ च्या आधीची गोष्ट संपली. 'रेग. यू. एस. पॅट. ऑफ.' (अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात नोंदलेलं) ही जुनी ओळ त्यानंतरही बरीच वर्षं दिसते, पण तिच्यात 'टीएम' हा भाग जोडलेला असेल तर बॅट १९७५ नंतरची, कारण त्या वर्षी पेटंट कार्यालयाच्या नावात ट्रेडमार्क हा शब्द आला. पेटंट क्रमांक असेल तर आणखी सोपं: अमेरिकेचा दहा लाखावा पेटंट क्रमांक १९११ मध्ये दिला गेला, वीस लाखावा १९३५ मध्ये, तीस लाखावा १९६१ मध्ये, चाळीस लाखावा १९७६ मध्ये. पण हे पेटंटचं साल. बॅट त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते.

शिक्का आणि लाकूड जुळवून न बघणं

एक बाजू सपाट असलेली बॅट १८८५ मध्ये नियमात बसवली आणि १८९३ मध्ये बाद केली. टोकाला वाटीसारखा खळगा असलेली बॅट मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तरावर) चालू लागली १९७५ पासून, म्हणून अशा बॅटीला कोणी १९५०च्या दशकातल्या सामन्यांशी जोडलं तर थांबा. मेपलच्या लाकडाची बॅट असेल आणि शिक्का नेहमीच्या जागेपासून पाव फेरा सरकलेला दिसला, तर ती २००८ नंतरच्या नियमबदलातली असण्याची शक्यता मोठी. आणि लुईव्हिलच्या कारखाना-संग्रहालयात १९९६ पासून पर्यटकांसाठी स्वतःच्या नावाची बॅट करून मिळते, हेही विसरू नका.

शिक्का दिसत नाही म्हणून घासणं

हे कृपा करून करू नका. सँडपेपर नाही, तारेचा काथ्या नाही, नवं पॉलिश नाही. जवसाचं तेल चोपडलं की लाकूड काळवंडतं आणि जळकी अक्षरं त्यात बुडून जातात. खोली अंधारी करा, टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि बॅट सावकाश फिरवा. जाळलेला शिक्का किंचित खोल असतो, त्यामुळे त्याच्या कडांना सावली पडते. फोनने चार-पाच कोनांतून फोटो घ्या, ते कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवा. तरीही काही लागलं नाही तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकेच फिरवा.

माझ्या शेजारच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांची बॅट मला दाखवली, तोवर कोणीतरी ती चकचकीत करण्याच्या नादात बॅरल तासून काढला होता. सही गेली, क्रमांक गेला. आम्ही दोघं त्यांच्या तळघरात टॉर्च घेऊन बसलो. अर्ध्या तासाने मधल्या शिक्क्याच्या खालच्या कडेला 'ब्रॅड्स' एवढी अक्षरं सापडली. आजोबांनी डब्यातून एक चिठ्ठी काढली आणि तिच्यावर लिहिलं, "१९१६ किंवा त्यानंतर". तीच चिठ्ठी आता दोऱ्याने मुठीला बांधलेली आहे.