परदेशी शेतकऱ्याचा हिशेब मांडायला जाताय? आधी घरचा मांडा

केनियात छोट्या शेतकऱ्यांसोबत स्वयंसेवक म्हणून काम करायचं म्हटलं की इकडचे जाणकार सुरू होतात: ठिबक शिकव, नवं वाण सांग. ऐकू नका. मका त्यांना तुमच्यापेक्षा चांगला कळतो. घोडं अडतं ते हिशेबापाशी, आपल्या लातूर-धाराशिवकडं अडतं तसंच.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्या. कामाचा परवाना कोण काढणार, हे संस्थेकडून लेखी घ्या. पर्यटक म्हणून शिरून काम करू नका. पैसे आधी मागून गावाचं नावही न सांगणाऱ्या संस्थेचा नाद सोडा. मोठा पाऊस मार्च ते मे, म्हणून बियाणं-खत घ्यायच्या आधी, जानेवारीतच पोचा.

निघण्यापूर्वी घरच्या सोयाबीनचा हिशेब मांडा. बियाण्याच्या बॅगला उतारा किती, आडत्याच्या पट्टीत किती कापले, हे घरात तोंडपाठ असतं. खुरपणीचं विचारलं की काका म्हणतील, "घरच्या माणसाची कसली रे मजुरी?"

हेच वाक्य तिकडंही ऐकायला मिळतं आणि माझा सगळ्यात जास्त घाम इथंच निघाला. "खर्च किती आला?" असं कधीच विचारू नका, बियाणं आणि खत, एवढंच उत्तर येतं. कामाच्या क्रमानं जा. नांगरट कुणी केली? खुरपणीला किती जणी, किती दिवस? त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात गेल्या असत्या तर रोज किती मिळाला असता? घरची मजुरी वेगळ्या रकान्यात लिहा, म्हणजे खिशातून गेलेला पैसा आणि खरा खर्च दोन्ही दिसतात. आपल्याकडं हमीभावासाठी 'ए2+एफएल' (खिशातला खर्च अधिक घरची मजुरी) म्हणतात ते हेच. जमिनीचं खंडमूल्य आणि भांडवलाचं व्याज धरणारा 'सी2' पहिल्या वर्षी काढूच नका; माणूस वही मिटून उठतो.

नवऱ्याला एकट्याला विचारून तर अजिबात भागवू नका. खुरपणी आणि बाजार बाईनं केलेला असेल तर आकडे तिच्याकडंच असणार.

दुसरी खोच घरी खाल्लेल्या धान्याची. तिथं मक्याची गोणी 90 किलोची. समजा 15 निघाल्या, 12 विकल्या, 3 घरी ठेवल्या. गोणीमागचा खर्च काढताना पुष्कळ हुशार लोक खर्चाला 12 नं भागतात. 15 नंच भागा आणि घरच्या तीन गोण्या बाजारभावानं उत्पन्नात धरा.

वही शेतकऱ्याच्याच घरी ठेवा, तुम्ही फोटो काढून न्या. आणि गोणीमागचा खर्च हातात आल्याशिवाय व्यापाऱ्यासोबत शेतकऱ्यांच्या गटाची बैठक लावू नका, संस्थेनं कितीही घाई केली तरी.