दारू सोडवायला मदत शोधताय? बडोदेकरांनो, या चुका टाळा

स्कूटरवरून पडून आमच्या मामांच्या मांडीचं हाड मोडलं. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेतात का?" मामी म्हणाली, "छे हो, कधीतरी, लग्नकार्यात." प्रत्यक्षात रोज रात्रीची होती. तिसऱ्या रात्री मामा सलाइन उपटून उभे राहू लागले, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडू लागले. डोक्याला मार लागलाय का, याचा शोध सुरू झाला. खरं काय ते मामीने पहाटे रडत सांगितलं.

डॉक्टरांपासून लपवणं ही आपल्याकडची सगळ्यांत महागडी चूक. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. पिणं हाच गुन्हा, म्हणून विषय निघाला की आधी पोलीस आठवतात, मग दांडिया बाजारातले शेजारी. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारा मानसिक त्रास आजारातच धरला आहे आणि मोजके अपवाद सोडता रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तेव्हा रोज किती, किती वर्षं आणि शेवटची कधी घेतली, हे दाखल होतानाच खरं सांगा. ऑपरेशन दुसऱ्याच कशाचं असलं तरी.

शपथ घालून, खोलीत कोंडून एका दिवसात बंद करायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे मामांसारखा भ्रम, थरथर, ताप. यात माणूस दगावतो. डॉक्टर औषधांच्या आधाराने ती उतरवतात, सोबत थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व देतात.

"रुग्णाला न कळवता दारू सोडवा" अशा पुड्या भाजीत कालवू नका, हे हात जोडून सांगते. त्यात डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि ते पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो. ही गोळी रुग्णाला सांगूनच द्यायची असते.

पोटलीतली, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीतली चोरटी दारू पिऊन धूसर दिसायला लागलं तर झोपू देऊ नका, १०८ बोलवा. २०२२ च्या बोटाद लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूच्या प्रकरणात, माणसं मेली ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने.

माहिती हवी तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस, १४४१६, हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत. सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आणि कारेलीबागचं मानसिक रुग्णालय गावातच आहे. खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, रुग्णाला घरी फोन करू देतात का? साखळीने बांधून ठेवायला कायद्याने बंदी आहे. शंभर टक्के सुटेल असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपापसातला मदतगट, त्यांच्या सभेला फी नसते, आडनाव विचारत नाहीत.

आणि पिणारा तयार होईपर्यंत घरच्यांनी थांबून राहू नये. मामा "मला काही झालेलं नाही" म्हणत होते, तेव्हा मामी एकटीच ओपीडीत गेली. रुग्ण कुठे आहे म्हणून तिला कोणी परत पाठवलं नाही. डॉक्टरांनी तिलाच खुर्ची दिली.