लाय, ले की लेड? आधी मराठीत ‘ने’ लावून बघा

आजारपणाच्या रजेच्या अर्जात एक वाक्य फार वेळा चुकतं: ‘आय वॉज लेइंग इन बेड.’ सांगायचं असतं की मी अंथरुणाला खिळून होतो. लेइंग म्हणजे मात्र ठेवणं, घालणं. इथे हवं ‘लाइंग’.

गो-वेंट-गॉन जसं घोकून पाठ होतं, तसं हे होत नाही. कारण गोंधळ तक्त्यातच आहे:

लाय – ले – लेन : आडवं होणं, पडून असणं
ले – लेड – लेड : ठेवणं, अंथरणं, घालणं

‘ले’ दोन्ही ओळींत आहे. वरच्या ओळीत तो भूतकाळ, खालच्या ओळीत मूळ रूप. मग कुठला कुठे वापरायचा? याचं उत्तर मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच आहे.

पहिली पायरी : वाक्य मराठीत आणि भूतकाळात म्हणा. वर्तमानकाळात ‘ने’ची खूण दिसत नाही.

दुसरी पायरी : कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो का, ते बघा. ‘आजोबा आडवे झाले.’ ने नाही, म्हणून वरची ओळ: ग्रँडफादर ले डाउन. ‘आईने बाळाला पाळण्यात ठेवलं.’ ने आला, म्हणून खालची ओळ: मदर लेड द बेबी इन द क्रेडल. कोंबडीने अंडं घातलं, कामगारांनी फरशी बसवली, दोन्हीकडे लेड. गाव डोंगराच्या पायथ्याशी वसलं होतं, तिथे ले.

‘मी’ आणि ‘तू’ला ने लागत नाही, तिथे फसू नका. त्यांच्या जागी ‘तो’ किंवा ‘ती’ घालून बघा. ‘मी पुस्तक ठेवलं’चं ‘तिने पुस्तक ठेवलं’ होतं. ‘मी झोपले’चं ‘ती झोपली’च राहतं.

ही युक्ती चालते ती योगायोगाने नाही. आपण ‘पडणे’पासून ‘पाडणे’ करतो, तसंच इंग्रजीत फार जुन्या काळी ‘लाय’च्या मुळापासून ‘ले’ झालं. स्वतः आडवं होणं आणि दुसऱ्याला आडवं करणं. सिट आणि सेट ही जोडीही तशीच, बसणे-बसवणे. फॉल म्हणजे पडणे आणि झाड पाडणे म्हणजे फेल. आणि गंमत बघा, फॉलचा भूतकाळही फेलच! मला तर ही जोडी कळली त्या दिवशी सगळा तक्ता आपला वाटायला लागला.

तिसरी पायरी : हॅज, हॅव, हॅड आलं की तिसरं रूप घ्या. वरच्या ओळीत लेन, खालच्या ओळीत लेड. लेन बोलण्यात क्वचितच ऐकू येतं, पण लिहिताना तेच बरोबर. लेडचं स्पेलिंग एल-ए-आय-डी. वायला ईडी जोडू नका.

एक अपवाद आहे. ‘तो खोटं बोलला’ यातही ने नाही, पण खोटं बोलण्याचं लाय हे वेगळंच क्रियापद. ते साधं, नियमाने चालणारं: लाय – लाइड – लाइड. म्हणून ‘ही लाइड ऑन द बेड’ लिहिलंत, तर अर्थ होतो की तो पलंगावर खोटं बोलला.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, तेही बोलताना ‘लाय डाउन’च्या जागी सर्रास ‘ले डाउन’ म्हणतात, त्यामुळे सिनेमात ऐकलेलं प्रमाण मानू नका. परीक्षेत आणि अर्जात ‘प्लीज लाय डाउन’ हेच बरोबर.

सरावाला रोजची रात्र पुरे. मोबाइल उशाशी ठेवलात: आय लेड माय फोन बाय द पिलो. मग आडवे झालात: आय ले डाउन. सकाळी बघता तर मोबाइल रात्रभर तिथेच पडून आहे: माय फोन हॅज लेन देअर ऑल नाइट.